कुणाचा टोणगा?

पिंपरेवाडी, ता. कराड
६ ऑक्टोबर १९९६

शोएब,

आधी सलाम आणि पाठोपाठ राग. दोन्ही पोचले की कळव.

तांबोळ्यांच्या मुलाच्या हाती तू पाठवलेला डबा मिळाला. अब्बांना वाटलं खजूर असतील. तुझ्या दाजींनी किल्ली फिरवून पत्रा उलगडला तर आतून गुलाबी ठोकळा निघाला, कडेनं पांढरी चरबी थिजलेली. अब्बांनी वास घेतला, बोटानं दाबून बघितलं आणि मला विचारलं, "कुणाचा हाय?"

मी डब्यावरचं वाचलं. ब्राझील.

"ही कुठली वस्ती?"

"देश आहे अब्बा. लांबचा."

"कापला कुणी?"

"ते लिहिलं नाही. हलाल एवढंच लिहिलंय."

"खात काय हुता?"

"तेही नाही."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "ज्याचं नावगाव ठावं न्हाई, ते मी तोंडात घालत न्हाई." शेवटी मांजरानं खाल्लं, तेही अर्धंच.

डब्यासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'स्वच्छ मटण कसं असतं ते अब्बांना एकदा दाखव.' ही ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. तेवढी तुझी लाज मी राखली. पण मला ती ओळ रोज भाकरी थापताना आठवते आणि भाकरी फाटते.

शारजाला जाऊन चार वर्षं झाली म्हणून माणूस आपल्या बापाचा ओटा विसरतो का? दर रविवारी एकच टोणगा, डॉक्टरचा दाखला घेतलेला. आदल्या दिवशी आणून पाणी पाजलेला, रात्रभर निवांत बसवलेला. अब्बा ओट्यावर बसून सांगणार, "आज दादासोंचा हाय. उसाच्या वाढ्यावर पोसलाय. दोन दाती, कोवळा." आसपासच्या पाच-सहा गावांतली आपली माणसं येतात, कराडहून स्कूटरवर येतात. भाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुणाचा हाय?" दुपारपर्यंत हाडसुद्धा शिल्लक राहत नाही.

आता कामाचं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की अब्बांना काचबिंदू आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही. तुझे दाजी दोर टाकून रेड्याला लोळवतील, पण रक्ताचा थेंब दिसला की स्वतःच लोळतात. कापायच्या जागेपुढं अब्बांनी हल्ली गोणपाट बांधलंय, माश्या येतात म्हणून.

एप्रिलात बकरीद आहे, त्याच महिन्यात गावची जत्रा. पिंपरेवाडीत बोकड मुसलमानाचा असो की मराठ्याचा, सुरी आपल्याच घरची फिरते. ती कुणाच्या हातात द्यायची ते तू सांगायचं आहेस. बकरीदीच्या आत ये.

मेहरुनआपा

*

शारजा
३० ऑक्टोबर १९९६

आपा,

उर्दू आपल्या दोघांनाही मोडकीतोडकीच येते, म्हणून भांडायचं तर मराठीतच. बरं झालं. मराठीत भांडण चांगलं होतं.

तू डब्यावर चिडलीस. मी काय विष पाठवलं होतं? इथं साहेब लोक ते पावात घालून खातात. माझा सुपरमार्केटातला विभाग तू एकदा बघ. पांढरा कोट, डोक्याला जाळी, हातात मोजे. माशी दाखव आणि बक्षीस घे. मागं खोलीएवढा फ्रीजर आहे, त्यात ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत, सगळ्या देशांची खोकी एकावर एक. मी करवतीच्या मशीनवर असतो. गोठलेला ठोकळा लावला की फळी कापावी तसे सारख्या जाडीचे तुकडे पडतात. थाळीत घालून वर पारदर्शक कागद, त्यावर वजन, तारीख, किंमत. काचेखाली लाल दिवा असतो, त्यात सगळं मटण ताजं दिसतं. बाया येतात, बोट दाखवतात, घेऊन जातात. कुणाचा म्हणून कुणी विचारत नाही. विचारलं तर वेड्यात काढतील.

आणि आपल्याकडे? चिंचेचा ओंडका, गोणपाट, घोंघावणाऱ्या माश्या, आणि पायरीशी बसलेलं कुत्रं. तू त्याला ओटा म्हणतेस. मला त्याचा वास येतो.

अकरावीला कराडच्या कॉलेजात गेलो, ते तुला माहीत आहे. दोन वेळा साबण लावून जायचो. तरी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "कुणाचा टोणगा?" आणि सगळा वर्ग हसायचा. दोन वर्षं. मी खाली मान घालून बसायचो. घरी कुणालाही सांगितलं नाही. आज तुला सांगतो, कारण तू मला सुरी धर म्हणतेस.

नाही धरणार. ओटा बंद करा. अब्बांना आता बसून खाऊ दे. मी पाठवतो त्यात घर चालतं की नाही?

शोएब

*

पिंपरेवाडी
२४ नोव्हेंबर १९९६

शोएब,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा रडू आलं. कॉलेजचं तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी स्वतः कराडला येऊन त्या मागच्या बाकाला उत्तर दिलं असतं. रडू संपल्यावर मात्र राग आला, तो अजून उतरला नाही.

पोरं हसली त्यांची, आणि लाज वाटली तुला बापाची! तू तिथं काय करतोस रे? अत्तर विकतोस? तूही मटणच कापतोस. फक्त कोट पांढरा आहे आणि रक्त गोठलेलं आहे. लाल दिवा लावावा लागतो म्हणजे ते मटण ताजं नाही, हे कळण्याइतकाही तू मुलाण्याचा पोरगा राहिला नाहीस का? तुझ्या त्या बायांना विचार, कढईत टाकल्यावर किती पाणी सुटतं. आपलं मटण धुकं असताना कापतात आणि उन्हं चढायच्या आत चुलीवर असतं. त्याला तारखेची चिठ्ठी लागत नाही.

आता बनाबाईचं ऐक. वरच्या आळीची, म्हशी पाळणारी. तिच्या टोणग्याला ताप होता, डॉक्टरनं सुया टोचल्या होत्या. तिनं तो आपल्याकडे आणला. अब्बांनी कानामागं हात लावला, तोंड हुंगलं आणि म्हणाले, "औषध उतरू दे बाई. तीन आठवडं थांब, मग मीच नेतो." गुरुवारी सांगलीकडचा एजंट आला. परदेशात मटण पाठवणाऱ्या कुठल्या तरी कारखान्यासाठी जनावरं गोळा करतो. त्यानं तोच टोणगा संध्याकाळी ट्रकमध्ये चढवला. बनाबाई आपल्या ओट्यावर येऊन रडली. "आवं मुलाणी, त्यानं इचारलंबी न्हाई कुणाचा म्हून. पाठीवर खडूनं आकडा टाकला आन् नेला. मी त्याला एक दीस उपाशी ठेवला न्हवता. माझं नाव तुमी घेता, मला बरं वाटतं. त्यानं आकडा घेतला."

तर साहेब, तुमच्या फ्रीजरात भारताची खोकी आहेत म्हणता ना? बनाबाईचा टोणगा सुयांसकट तिकडेच निघालाय. आला की कोट घालून त्याला सलाम करा.

तो एजंट आता आपला ओटा आणि मागचं आवार मागतोय, ट्रक येईपर्यंत जनावरं बांधायला. अब्बांनी आजवर त्याला पायरी चढू दिली नाही. पण परवा म्हणाले, "पोरगं येत नसंल तर बकरीद करू आन् जागा देऊन टाकू. आंधळ्याचा ओटा किती दीस चालायचा?" हे वाक्य ऐकून मला जे झालं ते तुला व्हावं म्हणून इथं लिहिलं.

हो किंवा नाही कळव. मधलं काही लिहू नकोस.

मेहरुनआपा

*

शारजा
१४ जानेवारी १९९७

आपा,

नाही. मी येणार नाही. सुरीचं मला पुन्हा विचारू नकोस. जागा एजंटाला द्या. माझी तब्येत ठीक आहे. रमजान चालू आहे, लिहायला वेळ नाही.

शोएब

*

पिंपरेवाडी
२ फेब्रुवारी १९९७

शोएब,

सात आठवडे वाट बघायला लावलीस आणि पाठवलंस काय, तर चार ओळी. त्याही कोंबडीनं चिखल तुडवावा तशा. बापाच्या ओट्याला 'देऊन टाका' म्हणताना नीट अक्षर काढायचेही कष्ट नाहीत? अब्बांनी विचारलं, काय लिहितोय? मी म्हणाले, तब्येत ठीक आहे म्हणतोय. खोटं बोलले नाही, बाकीचं गिळलं.

तू साफ नाही म्हणालास, तर आता माझंही साफ ऐक. हे घराबाहेर फक्त तुला सांगते आहे.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतरचा रविवार. टोणगा लोळवलेला, अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी खाली घसरली. अर्धीच ओढली गेली. जनावर तडफडायला लागलं, तुझे दाजी दोर धरून पांढरेफटक पडले. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते. बादली टाकली, अब्बांच्या हातातली सुरी घेतली, अल्लाचं नाव घेतलं आणि एका ओढीत संपवलं. अब्बा भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "झालं. बराबर झालं."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः सुरी माझ्या हातात दिली. नखावर धार बघायला शिकवलं. म्हणाले, "बाईनं कापलेलं चालतंय, किताबात हाय. पर लोकांना किताब कुठं वाचायची असती?" आणि गोणपाट बांधलं. माश्यांसाठी नाही शोएब, माझ्यासाठी.

तेव्हापासून दर रविवारी मी कापते. मागच्या दारानं जाऊन आंघोळ करते, लुगडं बदलते आणि नुकतीच उठल्यासारखी चहा घेऊन बाहेर येते. समोर लोक अब्बांना म्हणत असतात, "जैनुद्दीनभाई, तुमचा हात अजून तसाच हाय बघा." अब्बा मान हलवतात. मी कपबश्या गोळा करते. तुला सांगते, त्या वेळी मला गोणपाटाला काडी लावावीशी वाटते.

मागच्या पत्रात मी तुला सुरी धर म्हणून विनवत होते. का, माहीत आहे? तू येशील, पुढं उभा राहशील, आणि मला चोरासारखं जगावं लागणार नाही म्हणून. आता ते नको. ज्या सुरीला तू लाथ मारतोस ती मी लपवून वापरते, आणि मला ती आवडते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. जनावराला त्रास न होऊ देता कापणं मला जमतं, अब्बांच्या चांगल्या दिवसांत त्यांना जमायचं तसं.

पण घरातला मुलगा तू. तू जिवंत असताना अब्बा चारचौघांत सुरी माझी म्हणणार नाहीत. तेव्हा तू एक ओळ लिही, की सुरी आपाची. तेवढ्यासाठी तरी वेळ काढ. आणि या वेळी वाचता येईल असं लिही.

मेहरुन

*

शारजा
१ मार्च १९९७

आपा,

अक्षर याहून चांगलं येणार नाही. डाव्या हातानं लिहितोय. हे पत्र मी रोज थोडं थोडं लिहिलं आहे, तेव्हा चिडायचं तर शेवटपर्यंत वाचून चीड.

बनाबाईच्या टोणग्याचं तुझं पत्र डिसेंबरात मिळालं. मला इतका संताप आला की मी ते खिशात घालून कामावर गेलो, जेवणाच्या सुट्टीत तुला तिथल्या तिथं उत्तर लिहायचं म्हणून. मशीनवर त्या दिवशी भारताची खोकी आली होती. रोजच येतात, सगळ्यांत स्वस्त तीच. चार वर्षांत मी एकदाही खोक्यावर काय लिहिलंय ते बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. एका हातानं ठोकळा करवतीला लावलेला आणि दुसऱ्या हातानं मी खोकं फिरवत होतो, कुठं सांगली दिसतंय का, कराड दिसतंय का. हसशील तर हस, मी बनाबाईचं नाव शोधत होतो. आकडे होते आपा. नुसते आकडे.

ठोकळा दगडासारखा गोठलेला होता. तो सटकला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

साहेबानं आधी मशीन बंद करायला लावलं, मग ते खोकं बाजूला काढायला लावलं, माल खराब झाला म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नाही. त्याला तसंच शिकवलंय. त्या वेळी मला दुखत नव्हतं, पण इतका राग आला की मी त्याला मराठीत शिव्या दिल्या. आपल्या गावातली सगळी यादी संपवली. शेजारचा मल्याळी म्हणाला, देवाचं नाव घेतोयस ना, घे घे.

तुला कळवायचं कसं? तू सुरी धर म्हणत होतीस आणि मला चमचा धरता येत नव्हता. म्हणून 'नाही' असं लिहिलं आणि ठोकळ्यासारखा गप्प बसलो. जागा एजंटाला द्या म्हणालो, कारण ओटा रिकामा बघायची माझ्यात ताकद नव्हती. तो रिकामा नाही हे मला कुठं माहीत होतं? तू गोणपाटाआड सुरी लपवलीस, मी हात लपवला. एकाच बापाची पोरं आपण.

सुरी तुझी. तू ती घेतलीस त्याच दिवशी ती तुझी झाली, माझ्या ओळीची त्याला काय गरज? तरी तू मागितलीस म्हणून लिहितो. सुरी आपाची. शोएब जैनुद्दीन मुलाणी.

आणि ते गोणपाट काढ.

नुकसानभरपाईचे कागद व्हायचे आहेत, मे महिन्यात सुटेन. अब्बांना हाताचं सांगू नकोस. येऊन मी तिथं काय करणार ते मला माहीत नाही.

शोएब

*

पिंपरेवाडी
२७ एप्रिल १९९७

शोएब,

तुझं पत्र वाचून मी मागच्या आवारात गेले आणि पाण्याचं मडकं भिंतीवर फोडलं. मग दुसरं फोडलं. तुझे दाजी म्हणाले, तिसरं राहू दे, प्यायला लागेल. डिसेंबर ते मार्च तू एकटा त्या हातासह बसलास आणि मी तुला कोंबडीचं अक्षर म्हणत होते! हे तू मला करायला लावलंस. माफी मी मागणार नाही. समोर ये, तुझ्या पाठीत दोन धपाटे घालीन, मग बघू.

अब्बांना सांगितलं. तुझं ऐकायचे दिवस संपले. ते माझा हात चाचपून एकेक बोट मोजावं तसं धरत गेले आणि म्हणाले, "नाव शोधत हुता म्हन." एवढंच. पण दिवसभर तेच घोकत होते.

पुढच्या रविवारी मी गोणपाट काढलं. पहाटेच सुतळी तोडली, गुंडाळून चुलीत घातलं. अब्बा ओट्यावर होते. त्यांना आता माणसं दिसत नाहीत, पण उजेड कळतो. म्हणाले, "ह्यो उजेड कुठनं आला?" मी म्हणाले, "मागनं." बसायचं पोतं सरकवून त्यांनी मला पुढं जागा करून दिली.

लोक आले. मी सगळ्यांसमोर कापलं. हाजीसाहेब, आपले मशिदीचे कारभारी, दोन पावलं मागं सरले. "बाईच्या हातचं? तोबा! जैनुद्दीनभाई, ह्ये काय चाललंय?"

आणि आपले अब्बा, ज्यांनी आयुष्यात कुणाला उलट शब्द दिला नाही, ते काठी आपटत उठले. "दीड वरीस तिच्याच हातचं खाताय. कवा प्वाट दुखलं? ज्याचं दुखलं त्यानं हितं म्होरं या!"

कुणी पुढं आलं नाही. हाजीसाहेब निघून गेले, त्यांच्यामागं आणखी काही घरं. मी हातात सुरी घेऊन उभी. अंगावर रक्त, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. आतून पेटले होते. आता जो कुणी 'कापलं कुणी' म्हणून विचारेल त्याला काय सुनवायचं ते सगळं ओठावर तयार होतं. एवढ्यात पल्याडच्या वाडीची म्हातारी हुसेनबी आली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं, ओंडक्याकडे बघितलं आणि पदराची गाठ सोडत म्हणाली, "कुणाचा हाय गं?"

इतके दिवस ज्या प्रश्नाला भ्याले तो कुणी विचारलाच नाही. म्हणाले, "दादासोंचा. वाढ्यावरचा." "मग दे एक किलो. मऊ बघून दे," ती म्हणाली.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. बकरीदीला निम्म्याच घरांनी बोलावलं. जत्रेत पाटलांच्या धाकट्यानं कराडहून दुसरा माणूस आणला, त्यानं बोकडाचे हाल केले, ते बनाबाईनं चावडीसमोर उभं राहून गावभर सांगितलं. एजंट पुन्हा आला होता. मी धार लावत होते, तुझ्याच त्या डब्यात पाणी घेऊन. तो कामाला आला एकदाचा. एजंटाला म्हणाले, पायरी चढायची तर आधी सांग, बनाबाईचा टोणगा कुठं गेला. त्याला आठवेना. मग मी त्याला ज्या शब्दांत वाट दाखवली ते तुझ्या मल्याळ्यालाही कळले असते.

तू लिहिलंस, येऊन काय करणार. अब्बा आता गोठ्यांवर जाऊ शकत नाहीत. मला कापणं आणि विकणं यातून सवड नाही. कुणीतरी वस्तीवस्तीवर फिरायला हवं. जनावर काय खातं, किती पाणी पितं, सुया टोचल्यात का, कुणी सांभाळलं, हे विचारायला हवं, आणि रविवारी अब्बांच्या शेजारी बसून ते लोकांना सांगायला हवं. खोक्यावर जे तुला सापडलं नाही ते इथं तू सांगायचंस. त्याला बोटं लागत नाहीत.

मे महिन्यात ये. आणि कराडच्या स्टँडवर तुझ्या कॉलेजातला कुणी भेटला, त्यानं पुन्हा हसून विचारलं, "कुणाचा टोणगा?", तर या वेळी मान खाली घालायची नाही. सरळ सांगायचं, जैनुद्दीन मुलाण्याचा.

मेहरुनआपा